आधी रस्ता मोजा, मग परवान्याचं बोला

मा. सरपंच, उपसरपंच, सर्व पंच सभासद आणि रविवारच्या ग्रामसभेला येणाऱ्या माझ्या गावकऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

येत्या रविवारी आपली ऑक्टोबरची ग्रामसभा आहे. नोटीस वाचली. खालच्या भाटात, म्हणजे माडांच्या बागायतीत, येऊ घातलेल्या एकशे वीस फ्लॅटांचा विषय त्यात नाही. शेवटी ‘आयत्या वेळचे विषय’ म्हटलं की कोणीतरी तो काढणार, आवाज चढणार, माईक ह्या हातातून त्या हातात जाणार आणि दुपारी जेवणवेळ झाली की सभा संपणार. मागच्या दोन सभांत हेच झालं. म्हणून ह्या वेळी जे सांगायचं ते आधीच लिहून सगळ्यांपुढे ठेवतो, म्हणजे वाचून, विचार करून या.

मला ओळखत नाही असा माणूस गावात कमी. १९९० ते २०१८ ह्या काळात मी कदंबची, म्हणजे गोवा सरकारच्या महामंडळाची, बस चालवली. त्यातली अकरा वर्षं आपल्याच गावच्या रूटवर होतो. रात्रीची वस्तीची गाडी देवळाकडे लावायची आणि पहाटे सव्वासहाला म्हापशाला निघायची. सरपंचबाई, तुम्ही कॉलेजला जाताना डाव्या बाजूच्या दुसऱ्या सीटवर बसायचात, कारण तिथून पुस्तकावर उजेड चांगला पडायचा. हे मी लाडीगोडी म्हणून लिहीत नाही. आपला रस्ता तुम्हीही रोज काचेतून पाहिलेला आहे, एवढंच आठवण करून द्यायचंय.

तिठ्यापासून भाटापर्यंतचा हा रस्ता मी डोळे मिटून सांगू शकतो. तिठ्यावरचा वड. पुढे उजवीकडे शाळेचं मैदान. मग उतार, उताराच्या पायथ्याशी व्हाळावरची, म्हणजे ओढ्यावरची, मोरी, मोरी ओलांडली की दोन्ही बाजूंनी चिऱ्यांचे जुने गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. गडग्यांच्या आत घरं, आणि घरांच्या पायऱ्या अगदी रस्त्याला टेकलेल्या. पुढे वळण, वळणावर ब्राह्मणीची घुमटी, आणि मग भाट. सगळं मिळून एक किलोमीटरही नाही. हा रस्ता कोणा इंजिनिअरने आखलेला नाही. ही बैलगाडीची वाट होती. ती रुंद झाली नाही, फक्त काळी झाली.

गेल्या महिन्यात मी आणि माझा पुतण्या टेप घेऊन गेलो. मोरीच्या पुढच्या दोन गडग्यांच्या मधे, जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथे, टेप धरला. तीन मीटर चाळीस. दोनदा मोजलं. काँक्रीट घेऊन येणारा मिक्सर अडीच मीटर रुंद असतो, टिपरही तेवढाच. तो त्या जागी आला की उरतात नव्वद सेंटीमीटर, दोन्ही बाजू मिळून. तेवढ्यातून आपल्या मुली स्कूटर काढतात. एका पायाने गडग्याला टेकू देत काढतात, मी पाहिलंय. शाळेतली पोरं मिक्सरचा आवाज आला की गडग्यावर चढून बसतात आणि तो गेला की उतरतात. त्यांना तो खेळ वाटतो.

पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर विषय भलतीकडे जाईल. जे लोक इथे घर घेऊन राहायला येणार आहेत त्यांच्याशी माझं काही वैर नाही. ते कुठले, कोणती भाषा बोलतात, ह्यावर मला एक अक्षर लिहायचं नाही. भाट विकणाऱ्यांबद्दलही नाही. माड पाडायला पाडेली मिळत नाही, चार भावांत एक-चौदाचा (जमिनीचा) उतारा वाटलेला, एकाचा मुलगा बोटीवर तर दुसऱ्याचा पुण्यात. विकलं तर कोणी कोणाला नावं ठेवू नयेत. कंपनीचं नावही मी मुद्दाम घालत नाही. माझं म्हणणं रस्त्याबद्दल आहे, आणि रस्त्यापुरतंच राहील.

म्हणणं असं: एकशे वीस घरांचा परवाना देणं म्हणजे हा रस्ता रुंद करायचा निर्णय घेणं. दोन्ही एकच आहेत. फरक एवढाच की पहिला निर्णय आज कागदावर होतो आणि दुसरा पाच वर्षांनी होतो, जेव्हा लोक राहायला आलेले असतात, रोज भांडणं होत असतात, आणि मग सगळेच म्हणतात की आता रस्ता वाढवल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा कोणाचे गडगे जातील? कोणाच्या पायऱ्या जातील? कोणाच्या अंगणातली तुळस मागे सरकेल? भाटातल्या नव्या इमारतीची नक्कीच नाही, ती मागे जागा सोडूनच बांधलेली असेल. जातील ती मोरीपुढची नऊ घरं. त्या नऊ घरांतल्या एकालाही आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही. पंचायतीच्या फायलीत त्यांचा उल्लेखही नाही, कारण ती फाईल भाटाच्या सर्व्हे नंबरची आहे.

फायलीत रस्ता कसा दिसतो तेही सांगतो. मी नक्कल घेऊन बघितली. प्लॅनवर प्रकल्पापुढचा रस्ता चांगला ऐसपैस दाखवलाय. खोटं म्हणता येत नाही, कारण रस्त्याच्या मध्यापासून जेवढं अंतर सोडायचा नियम आहे तेवढं त्यांनी आपल्या हद्दीत सोडलंय. त्यामुळे त्यांच्या गेटापुढे रस्ता खरोखरच रुंद होईल. पण साठ-सत्तर मीटर लांबीपुरताच. त्याच्या अलीकडे रुंदी तीन मीटर चाळीस. ड्रायव्हर म्हणून सांगतो, अशा रस्त्यासारखा धोका नाही. सरळ अरुंद रस्त्यावर माणूस हळू जातो. रुंद, मग अचानक अरुंद, मग पुन्हा रुंद, अशा रस्त्यावर तो रुंद जागी वेग घेतो आणि अरुंद जागी कोणावर तरी जाऊन पोचतो. शिवोलीकडे, पर्राकडे, आसगावात जाऊन बघा. जिथे जिथे नवी कुंपणं मागे सरली तिथे पोटासारखा फुगलेला रस्ता, आणि जिथे जुनं घर उभं आहे तिथे गळा आवळलेला.

आता थोडे आकडे. कंटाळा करू नका, ह्यावरच पुढचं सगळं उभं आहे.

रस्त्यावर किती वाहतूक मावते ह्याची मापं देशात ठरलेली आहेत. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणून संस्था आहे, तिची १९९० ची एक संहिता आहे. तीत वाहनं मोजायची पद्धत अशी: मोटारगाडी म्हणजे एक एकक, दुचाकी अर्धं, बस किंवा ट्रक तीन. सपाट मुलखातल्या एकेरी रस्त्यावर, म्हणजे पावणेचार मीटर डांबर असलेल्या रस्त्यावर, दिवसाला सुमारे दोन हजार एककं धरावीत. साडेपाच मीटरच्या रस्त्यावर सहा हजार. सात मीटरच्या दुपदरी रस्त्यावर पंधरा हजार. बघा, रुंदी दुपटीपेक्षाही कमी वाढते, पण क्षमता साडेसात पट होते. कारण उघड आहे: दोन गाड्या न थांबता एकमेकींना बाजू देऊ शकतात. आणि एकेरी रस्त्याचे ते दोन हजारसुद्धा केव्हा? डांबराच्या दोन्ही अंगांना निदान मीटर-मीटर चांगली कडा असेल, गाडीला खाली उतरायला जागा असेल तेव्हा. आपल्याकडे डांबर संपतं तिथे गडगा सुरू होतो. कडा नाहीच.

गेल्या महिन्यात शाळेच्या एका दिवशी सकाळी साडेसात ते साडेआठ मी वही घेऊन वडाखाली बसलो. एकशे चौतीस वाहनं भाटाच्या रस्त्यावर आली-गेली. ब्याण्णव दुचाकी, एकतीस मोटारी, बाकी अकरा म्हणजे बस, बालरथ (शाळेची बस), टेंपो, टिपर. वरच्या हिशेबाने एकशेदहाच्या आसपास एककं. ह्यात बाहेरचं कोणी फारसं नाही, ही सगळी आपलीच वाहनं आहेत. माझ्याच घरात दोन मोटारी आणि तीन स्कूटर आहेत. १९९० साली मी गाडी चालवायला लागलो तेव्हा ह्या वाड्यावर एक जीप आणि दोन पायलटांच्या, म्हणजे भाड्याने माणसं नेणाऱ्यांच्या, मोटारसायकली होत्या.

ह्याच तासात नवी वस्ती मिळवा. एकशे वीस फ्लॅटांतल्या निम्म्या गाड्या जरी त्या वेळी बाहेर पडल्या तरी साठ एककं. घरकामाला, बागेला, सुरक्षेला येणाऱ्यांच्या दुचाकी, भाड्याच्या गाड्या, सिलिंडरवाला, सामान पोचवणारी पोरं, हे धरून आणखी तीस-चाळीस कुठे गेले नाहीत. म्हणजे तोच तास जवळजवळ दुप्पट. त्यात पाणी आलंच नाही अजून. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी हा बांधकामाच्या हिशेबातला ठरलेला आकडा आहे. घरात चार माणसं धरली तर चारशेऐंशी माणसांना दिवसाला पासष्ट हजार लिटर लागेल. आपल्या नळाला एप्रिल-मेमध्ये किती वेळ पाणी असतं ते तुम्ही जाणता. मग ते पाणी टँकरने येणार. दहा हजार लिटरचा टँकर धरा, रोज सात टँकर, भरलेले येणार आणि रिकामे जाणार, चौदा फेऱ्या. आणि पोहण्याचे तलाव ह्या हिशेबात नाहीत, ते जाहिरातीच्या चित्रात दोन दिसतात.

ह्यावर कंपनीच्या माणसाने मागच्या सभेत दिलेलं उत्तर सगळ्यांनी ऐकलं: बहुतेक घेणारे वर्षातून महिना-दीड महिनाच येतील, बाकी घरं बंदच असतात, तुम्हाला त्रास होणारच नाही. घरं बंद असतात हे खरं आहे. २०११ च्या जनगणनेतच गोव्यात दर पाच घरांमागे साधारण एक घर रिकामं निघालं होतं. पण ड्रायव्हरला विचारा, रस्ता वर्षाच्या सरासरीवर चालत नाही. तो महिना कुठला? डिसेंबरचा शेवटचा आठवडा. नाताळ, नवं वर्ष, आणि त्याच्या आगेमागे आपल्या तालुक्यातल्या जत्रा. त्याच दिवसांत सगळी एकशे वीस घरं एकदम उघडणार. आणि उरलेले दिवस? तेव्हा ती घरं रात्रीच्या भाड्याने जातात. मग रोज नवा माणूस, काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची गाडी, फोनमधला नकाशा म्हणतो म्हणून उतारावरून खाली येणारा, आणि मोरीवर अर्ध्यात येऊन थांबणारा. त्याला मागे घेता येत नाही. तो वाईट माणूस नसतो, त्याला वाट ठाऊक नसते. मी स्वतः तीन-चार वेळा खाली उतरून अशांच्या गाड्या मागे घेऊन दिल्यात.

जुलै महिन्यातली एक सकाळ सांगतो. ज्यांच्या घरी हे घडलं त्यांना विचारून लिहितोय. भाटात अजून मुख्य काम सुरूही झालेलं नाही, जमीन सपाट करायला टिपर येताहेत तेवढेच. पाऊस जोरात होता. एक टिपर मोरीच्या पुढे कडेच्या गटारात मागच्या चाकाने रुतला आणि तिरपा झाला. त्याच वेळी वळणापलीकडच्या घरातल्या आजींना दम लागला. १०८ ला फोन केला. गाडी लवकर आली, तक्रार नाही, पण येऊन थांबली टिपरच्या अलीकडे. स्ट्रेचर घेऊन दोघे चालत निघाले, तर टिपर आणि गडगा ह्यांच्या मधून स्ट्रेचर जाईना. शेवटी मुलाने आणि शेजाऱ्याने आजींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, वर छत्री धरली, आणि एका घराच्या सोप्यातून आत शिरून मागच्या पडवीतून, पोरसातून, दुसऱ्याच्या गडग्यावरून खुर्ची पलीकडे देत त्या माउलीला गाडीपर्यंत आणलं. खुर्चीचा एक पाय गडग्यावर आपटून मोडला. ती खुर्ची अजून तिथेच व्हाळाकाठी पडली आहे, जाऊन बघा. आजी बऱ्या आहेत. म्हापशाच्या इस्पितळात आठ दिवस होत्या. पण मी त्या खुर्चीचा पुढचा पाय धरून चाललेला आहे, आणि त्यांचा श्वास कसा वाजत होता तो माझ्या कानात अजून आहे. बंब आणायची वेळ आली असती तर काय केलं असतं, हे मी त्या दिवसापासून रोज स्वतःला विचारतो.

बसबद्दलही बोलायला हवं, ते माझं आयुष्य होतं. लोकांना वाटतं बस बंद होते कारण प्रवासी नसतात. अर्धं खरं. आधी रस्त्यावर गाडी अडकायला लागते. सव्वासहाची गाडी म्हापशाला सातऐवजी साडेसातला पोचते. दोनदा कामावर उशीर झालेला माणूस तिसऱ्यांदा बसची वाट बघत नाही, हप्त्यावर स्कूटर घेतो. मग प्रवासी घटतात, फेऱ्या घटतात, रस्त्यावर स्कूटर वाढतात, आणि उरलेली गाडी आणखी अडकते. एका बसमध्ये पन्नास माणसं जातात आणि ती मोजली जाते तीन एककं. तीच पन्नास माणसं स्कूटरवर गेली तर पंचवीस. शुक्रवारच्या बाजाराला भाजीची पाटी घेऊन जाणाऱ्या बायका अजून त्याच गाडीवर अवलंबून आहेत. त्यांच्याकडे स्कूटर नाही आणि ह्या वयात येणारही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं बघायला सरकारची खाती आहेत, पंचायतीने का डोकं घालावं? मीही असंच समजत होतो. वकिलांकडे बसून, कागद वाचून जे कळलं ते असं.

वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधकाम असलेल्या प्रकल्पाला २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीत केंद्राने घालून दिलेली एक अट आहे, वाचून मला बरं वाटलं: प्रकल्पाच्या पाच किलोमीटर परिघातल्या रस्त्यांची आजची स्थिती बिघडणार नाही असा वाहतुकीचा आराखडा करावा, आणि तो करताना त्या परिघात जे जे दुसरे प्रकल्प चालू आहेत किंवा येणार आहेत त्या सगळ्यांचा एकत्र परिणाम धरावा. एकत्र परिणाम. हाच तर आपला प्रश्न. पण भाटातला प्रकल्प वीस हजारांच्या आत आहे. त्यामुळे ही अट त्याला लागू नाही. तिठ्याच्या वरच्या अंगाला बंगल्यांच्या दोन वसाहतींचे फलक लागलेत, त्याही आत. शाळेमागे पत्रे लावून जागा बंद केली आहे, तिथलं काही अजून कळलेलं नाही. प्रत्येक प्रकल्प आपापल्या जागी लहान. सगळ्यांना रस्ता एकच. आणि तो एकत्र हिशेब मांडायची सक्ती कोणावरही नाही.

जमिनीचा झोन बदलतानाही तेच. नगर नियोजन कायद्यात २०२३ मध्ये कलम १७(२) आलं, २०२४ मध्ये ३९-अ आलं. एकेक सर्व्हे नंबर घेऊन त्याचा झोन बदलायची ही वाट. १७(२) चे नियम मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केले, ते आपण सगळ्यांनी वाचलं. त्या लढ्यात ज्यांनी वर्षं घालवली त्यांचे उपकार आहेत. पण मला ह्यात दिसतं ते वेगळं: नकाशात जमिनीचा तुकडा रंग बदलतो, त्याच्याकडे जाणारी वाट आहे तशीच राहते, आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही.

मला आठवतं, २००७ साली लोकांच्या रेट्यामुळे आधीचा प्रादेशिक आराखडा मागे घेतला गेला आणि मग २०२१ सालापर्यंतचा नवा आराखडा तयार होत असताना त्याचे नकाशे गावोगाव पाठवले होते. आपल्या पंचायतीच्या हॉलमध्ये टेबलं जोडून तो नकाशा पसरला होता. दिवंगत गुरुजी चष्मा पुसत वाकून बघत होते. आम्ही पेन्सिलीने झरी दाखवली, देवराई दाखवली, वायंगणाची शेतं दाखवली, धालोंचा मांड दाखवला. डोंगर, व्हाळ, मसण, सगळं दाखवलं. रस्ता मात्र कोणी दाखवला नाही. रस्ता कुठे जाणार, तो तर आहेच, असं वाटलं. त्यावर किती ओझं पडेल हे त्या दिवशी विचारायचं राहून गेलं, आणि मीसुद्धा त्या टेबलाशी होतो, रोज त्याच रस्त्यावर स्टिअरिंग धरणारा.

म्हणून आता ग्रामसभेनेच विचारायला हवं. पंचायत राज कायद्याच्या कलम ६६ खाली बांधकाम परवाना पंचायत देते. तांत्रिक मंजुरी दुसऱ्या खात्याची असली तरी शेवटची सही इथली आहे. ग्रामसभेच्या ठरावाने परवाना आपोआप अडत नाही, हेही वकिलांनी मला स्वच्छ सांगितलं; ‘गावाला नको’ एवढंच लिहिलेला ठराव पुढे अपिलात टिकत नाही. पण रस्त्याचं माप, वाहनांची मोजणी, तारीख, वेळ, मोजणाऱ्यांच्या सह्या, हे ज्या इतिवृत्तात आहे ते बाजूला सारणं सोपं नसतं. पंचमंडळींना मी एवढंच सांगेन, आमची घोषणा नको, तुमची नोंद हवी.

माझ्या डोक्यात जे आहे ते मांडतो, त्यात कमी-जास्त करा.

तिठ्यापासून भाटापर्यंत दर पन्नास पावलांवर रस्ता मोजावा, गडग्यापासून गडग्यापर्यंत, पंचायत सचिवांच्या समक्ष. वाहनांची मोजणी तीन वेळा व्हावी: शाळेचा एखादा दिवस, म्हापशाच्या बाजाराचा शुक्रवार, आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा. त्यासाठी जानेवारीच्या ग्रामसभेपर्यंत थांबायला लागेल. थांबावं. तीन महिन्यांनी कोणाचं काही बुडत नाही. ह्या रस्त्यावर आजपर्यंत दिलेले आणि मागितलेले सगळे बांधकाम परवाने एका कागदावर, घरांच्या संख्येसकट, सभेपुढे ठेवावेत. आणि सार्वजनिक बांधकाम खात्याला लेखी विचारावं की हा रस्ता वाढवायचा काही विचार आहे का, असेल तर कोणाच्या जागेतून. त्याचं उत्तर त्या नऊ घरांच्या समोर वाचून दाखवावं. आत्ता, परवान्याआधी.

काम सुरू झालंच तर टिपर आणि मिक्सर सकाळी सात ते नऊ आणि दुपारी शाळा सुटते त्या वेळी बंद राहतील, मोरीचं काम त्यांच्या खर्चाने आधी मजबूत होईल, रस्त्याखालची नळाची पाईप फुटली तर त्याच दिवशी दुरुस्त होईल, हे परवान्याच्या अटींतच लिहावं. तोंडी आश्वासन आपण ऐकलंय. जुलैच्या त्या सकाळी तो टिपर साडेसातला आला होता.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर आजवर कोणी बोललं नाही. भाटाच्या वरच्या अंगाला सडा, म्हणजे खडकाळ माळ, आहे आणि सड्याच्या कडेने मुख्य रस्ता जातो. दुपदरी, मोठा. ती वरची पट्टीसुद्धा ह्याच मालकाची आहे, उताऱ्यावर आहे. प्रकल्पाचं गेट वरून काढता येतं. प्लॅनमध्ये ती पट्टी दुकानांसाठी राखून ठेवली आहे, कारण मोठ्या रस्त्याकडचं तोंड महाग विकलं जातं, आणि घरांची वाट मात्र आपल्या वाड्यातून दाखवली आहे. गेट वर फिरवलं तर आमचे गडगे राहतील, बस राहील, बालरथ राहील, त्यांची घरंही होतील. पाच-सहा दुकानं कमी होतील. मला तरी हा सौदा अन्यायाचा वाटत नाही. कंपनीने नकार दिला तर नकाराचं कारण लेखी मागा.

शिगम्यात पालखी मोरी ओलांडते तेव्हा त्या अरुंद जागी भोई एकामागे एक होतात, पालखी थोडी तिरपी करतात, आणि दोन्ही गडग्यांवरून बाया निरांजनं पुढे करतात. हात लांबवला की पालखीला लागतो. गेल्या वर्षी मागून आलेल्या एका गाडीने तिथे हॉर्न वाजवायला सुरुवात केली. ताशेवाला पोरगा गोंधळून वाजवायचा थांबला. पुजारी मागे वळून बघत राहिले. गाडीतल्या माणसाला काय चाललंय ते माहीत नव्हतं, त्याला विमानतळ गाठायचा होता. मोपा इथून जवळ आहे. मी जाऊन काचेवर टकटक केली, हात जोडले, त्यानेही जोडले. एक गाडी होती म्हणून जमलं.

शनिवारी सकाळी सात वाजता मी टेप आणि वही घेऊन वडाखाली येतो. पुतण्या असेल, शाळेचे दोन शिक्षक येतो म्हणालेत. मोरीपुढच्या नऊ घरांतलं प्रत्येकी एक माणूस यावं. कंपनीच्या साइटवरच्या माणसालाही मी सांगून आलोय, त्यांनी त्यांचा टेप आणावा. सरपंचबाई, तुम्ही आलात तर उत्तम. नाहीतर सचिवांना किंवा एखाद्या पंचाला पाठवा, म्हणजे मापाखाली पंचायतीची सही पडेल. नऊपर्यंत संपेल. रविवारी सभेत मी तीच वही वाचून दाखवीन, दुसरं काही बोलणार नाही.

आपला,
वरच्या वाड्यावरचा,
कदंबचा निवृत्त चालक